नंदादीप हलवताना

रक्षित नेमकं काय काम करतो, हे त्याच्या आईला लोकांना सांगता येत नसे. इंदिराबाईंना स्वतःला कळत होतं. पण कुवेंपुनगरातल्या शेजारणींना पटेल असं सांगायचं म्हणजे पंचाईत. मुलगा हिनकलच्या एका खाजगी इस्पितळात आहे, डॉक्टरांच्या खोलीतच बसतो, पण डॉक्टर नाही. कंपाउंडर नाही, नर्स तर नाहीच. डॉक्टर पेशंटशी बोलतात आणि हा कोपऱ्यात बसून ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवतो. याला स्क्राइब म्हणतात, असं त्यानं पुष्कळदा समजावलं. शेवटी इंदिराबाईंनी आपल्यापुरता शब्द शोधून काढला. “आमचा रक्षित डॉक्टरीणबाईंचा चित्रगुप्त आहे,” असं त्या सांगू लागल्या आणि शेजारणींना ते लगेच पटलं.

डॉक्टरीणबाई म्हणजे वेदवती मॅडम, छातीच्या डॉक्टर. बोलताना पेशंटच्या तोंडाकडे बघता यावं, म्हणून त्यांनी रक्षितला ठेवलेलं. त्याच्या कामाचे नियम सोपे होते. बोलायचं नाही. मान डोलवायची नाही. पेशंटच्या नजरेसमोर यायचं नाही. पेशंट जे सांगेल तेच लिहायचं, आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नाही. आणि खोलीत ऐकलेलं खोलीतच ठेवायचं. तसं त्यानं नोकरीला लागताना सहीनिशी कबूल केलेलं. हे सगळं त्याला इतकं साधलं होतं की एकदा एका आजींनी आपली पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि तपासणी झाल्यावर त्याच्याकडे न बघता उचलून नेली. रक्षितनं तेवढा वेळ पाय हलवले नाहीत.

पण माणूस काही लाकडाचा नसतो. दिवसभर लोकांचे अडकलेले श्वास ऐकायचे आणि आपण नुसती बोटं हलवायची, याचा त्याला हळूहळू कंटाळा नाही, पण एक प्रकारची लाज वाटू लागली. हातांनी काहीतरी करावं असं वाटे. तेवढ्यात कुणाकडून तरी कळलं की मेटगळ्ळीला एका बंद कारखान्याच्या आवारात दर रविवारी सकाळी आग विझवायचं शिक्षण देतात, स्वयंसेवकांना, फुकट. हा गेला आणि नाव देऊन आला. इंदिराबाईंनी कपाळाला हात लावला. “दिवसा डॉक्टर, रविवारी फायर ब्रिगेड,” त्या म्हणाल्या, “आणि घरात गॅस पेटव म्हटलं की याला लायटर सापडत नाही.”

शिकवायला येसाजीराव होते. फायर स्टेशनातून निवृत्त झालेले. पूर्वज राजाच्या फौजेत घोड्यावर होते म्हणे. घोडा गेला, आवाज राहिला. त्यांची शिकवण एका वाक्यात मावत होती: जे दिसलं ते ओरडून सांगा. धूर दिसला, ओरडा. वायर उघडी दिसली, ओरडा. रक्षितची अडचण तिथंच होती. पाण्याचा जड होज उचलणं त्याला जमलं, ओलं पोतं टाकून कढईची आग दाबणं जमलं, गुडघ्यांवर रांगत धुरातून जाणंही जमलं. ओरडणं काही जमेना. सरावात एकदा आत पडलेला माणूस शोधून बाहेरच्यांना कळवायचं होतं. बाकीचे “इकडे, इकडे” म्हणून बोंबलले. रक्षित मात्र त्या खोट्या जखमीपाशी बसून इस्पितळातल्या सवयीनं हळू आवाजात म्हणाला, पुरुष, वय अंदाजे पन्नास, मुख्य तक्रार धूर, आणि मग त्यालाच विचारू लागला की हा त्रास कधीपासून आहे. येसाजीराव दारात उभे राहून ऐकत होते.

“अय्यो रक्षितराव,” ते म्हणाले, “आधी त्याला बाहेर तरी काढा. मेल्यावर इतिहास कुणाचा लिहिणार?”

तेव्हापासून आवारात सगळे त्याला ‘मुख्य तक्रार’ म्हणू लागले. सर्वांत जोरात मधुमिता म्हणे. ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि तिचा आवाज ऐकून येसाजीरावांना स्वतःचं तारुण्य आठवायचं.

आता दामोदररावांचं सांगायला हवं, कारण गोष्ट त्यांची आहे.

दामोदरराव बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. फुप्फुसं हळूहळू राठ होत जाण्याचा आजार, ज्याचं कारण कुणालाच सापडत नाही. महिन्यातून एकदा वेदवती मॅडमकडे येत. नीट भांग पाडलेला, शर्टाला कडक इस्त्री, आणि बोलताना दर चार शब्दांनी थांबायचं, पण असं की जणू विचार करायलाच थांबलेत. मॅडमनी त्यांना घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं, हवेतून ऑक्सिजन गोळा करून नळीवाटे नाकात सोडणारं. त्यांनी ते घेतलं, एका अटीवर. बंगळुरूला असलेल्या मुलीला, यशस्विनीला, कळता कामा नये. कळलं तर ती येईल, घराला कुलूप लावील आणि त्यांना बाराव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन जाईल. “मला माझ्या घरातच दम लागू दे, मॅडम,” असं ते म्हणाले होते.

मॅडमनी त्यांना बजावलं होतं की मशीन असलेल्या घरात उघडी ज्योत नको. देवाचा दिवासुद्धा नको. दामोदरराव म्हणाले, देवापाशी बटणाचा दिवा आहे. रक्षितनं तसं लिहिलं: घरात उघडी ज्योत नाही, असं रुग्ण सांगतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी त्याच खोलीत सांगितली होती. आजार सुरू झाला तेव्हा कुठंही जिना आला की बायको, कावेरीबाई, मध्येच थांबायच्या. माझे गुडघे दुखतात, जरा थांबू या, म्हणायच्या. हे आपले तिच्यासाठी म्हणून थांबायचे आणि मनातून बरं वाटायचं. ती गेल्यावर मुलीकडून कळलं की आईचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते. एवढं सांगून दामोदरराव टेबलाच्या कडेला हात धरून रडले होते. मॅडमनी त्यांना रडू दिलं. कोपऱ्यातल्या माणसानं लिहिलं: जिना चढताना दम लागतो. भावुक.

शिक्षण संपत आलं तशी येसाजीरावांनी सगळ्यांना गल्ल्या वाटून दिल्या. घरोघर जायचं, गॅसची नळी, रेग्युलेटर, वायरी बघायच्या, आग लागली तर काय करायचं ते सांगायचं. रक्षित आणि मधुमिताच्या वाट्याला कुवेंपुनगरातली एक गल्ली आली, रक्षितच्या घरापासून जवळचीच. त्या रविवारी कोपऱ्यावरच्या घराची बेल मधुमितानं दाबली आणि बऱ्याच वेळानं दार उघडलं. दारात दामोदरराव, अंगावर सुती शाल.

त्यांनी रक्षितला ओळखलं नाही. कसं ओळखणार, त्यांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. रक्षित मात्र त्यांच्या खांद्यावरून आत बघत राहिला. हॉलच्या कोपऱ्यात देव्हारा, आणि देव्हाऱ्यात पितळेचा, तेलाचा, शांतपणे तेवणारा नंदादीप. बटण कुठंच नव्हतं.

आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता आणि पडद्यामागून घरघर ऐकू येत होती.

“तो कसला आवाज हो, काका?” मधुमितानं विचारलं.

“फ्रिज,” दामोदरराव म्हणाले.

मधुमितानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथं फ्रिज उभा होता, चांगला ओळखू येण्यासारखा. “मग तो?”

“तो जुना,” दामोदरराव थांबून, विचार केल्यासारखं करून म्हणाले, “हा आणखी जुना.”

इथं कुणीही म्हणालं असतं की काका, खरं सांगा. पण रक्षितच्या हाडात त्याचा धंदा मुरलेला. पेशंट सांगतो तेच खरं धरायचं. काकांनी फ्रिज म्हटलं, त्यानं फ्रिज मानला. शिवाय त्याला एक दिसत होतं जे मधुमिताला दिसत नव्हतं: काकांच्या दोन्ही गालांवर नळीचे ताजे वळ. बेल वाजली तशी त्यांनी ती घाईनं काढली होती, आणि हे दोघं जेवढा वेळ आत थांबतील तेवढा वेळ ते बिनऑक्सिजनचे उभे राहणार होते, चौकटीला धरून, पाहुण्यांना बसा म्हणत. त्यानं मधुमिताला जवळजवळ ओढून बाहेर काढलं. रेग्युलेटर बघायचा राहिला. ती रस्ताभर बोलली. काय झालं म्हणून तिनं विचारलं तेव्हा त्यानं पुढच्या घराची बेल दाबली. एका ठिकाणी जे दिसलं ते ओरडायची शपथ, दुसऱ्या ठिकाणी जे ऐकलं ते गिळायची. आणि दोन्ही ठिकाणचा शिष्य एकच.

सोमवारी दुपारी मॅडम दहीभात खात होत्या तेव्हा त्यानं तोंड उघडलं. पेशंटबद्दल तो आपण होऊन पहिल्यांदाच बोलत होता, म्हणून मॅडमनी डबा बाजूला ठेवला. त्यानं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगितलं: दिवा तेलाचा आहे. मॅडमनी तिथूनच दामोदररावांना फोन लावला. फोनवर ते ठामपणे म्हणाले, बटणाचा आहे मॅडम, मागच्याच महिन्यात नवीन घेतला. उभा जन्म खोट्या नोटा बोटांनी ओळखण्यात गेलेला माणूस, पण स्वतःचं खोटं चालवताना अगदीच कच्चा. नुसत्या आवाजावरून कळत होतं.

फोन ठेवून मॅडमनी डब्याला झाकण लावलं. मग कन्नडमधून म्हणाल्या की यशस्विनीचा नंबर माझ्याकडे आहे. येत्या सोमवारपर्यंत वाट बघते. दिवा हलला नाही तर तिला फोन करणार. माझ्यावर रागावले तरी चालतील, जळाले तर चालणार नाही.

त्यांचं बरोबर होतं. म्हणूनच रक्षितला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. फोन झाला की मुलगी येणार, घराला कुलूप लागणार. फोन नाही झाला तर काय होऊ शकतं, हे त्यानं मेटगळ्ळीच्या आवारात पाहिलं होतं. येसाजीरावांनी ऑक्सिजनमध्ये धरलेल्या सुती चिंधीला ठिणगी दाखवली होती. चिंधी पेटली असंही म्हणता येत नव्हतं. ती होती, आणि नव्हती. दामोदरराव दिवसभर अंगावर सुती शाल घेऊन त्या नळीपाशी बसतात आणि त्याच शालीसकट उठून दिव्यात तेल घालायला जातात. हे कुणी सांगितलं नव्हतं, पण घरात दुसरं कुणी नाही म्हटल्यावर तेल घालणार कोण?

रविवारी तो एकटाच गेला. रेग्युलेटर बघायचा राहिला होता, म्हणाला. दामोदरराव दारात हसले, या म्हणाले. गालांवर वळ होतेच.

रक्षितनं रेग्युलेटर पाहिला. नळी पाहिली. मग तो आडवळणानं बोलू लागला. काही घरांत कसं असतं काका, कुणी आजारी असतं, मत्ते, शिवाय, त्यांच्याकडे काही मशीनं असतात, तर तिथं दिवा जरा लांब ठेवला तर बरं. दामोदरराव म्हणाले, हौदु, हो, अशी घरं असतील. रक्षित म्हणाला, एखाद्याला सांगायला संकोच वाटतो. दामोदरराव म्हणाले, वाटत असेल. खुर्चीच्या पाठीला त्यांनी धरलेली बोटं पांढरी पडली होती आणि ओठांचा रंग बदलत चालला होता. एका वाक्याला आता तीन वेळा थांबावं लागत होतं. तरी चेहऱ्यावर पाहुण्यासाठी ठेवलेलं हसू तसंच.

आणि तेव्हा रक्षितच्या डोक्यात उजेड पडला, जरा उशिराच. हे गुपित आपण लपवतोय कुणापासून? ज्याचं आहे त्याच्यापासून. ठेवीदारालाच त्याची ठेव दाखवायला घाबरणारा खजिनदार हेड कॅशियरांनीही कधी पाहिला नसेल. पण दाखवायची म्हणजे सांगावं लागणार होतं की तुम्ही त्या खोलीत एकटे नव्हता. आणि ते कळल्यावर हा माणूस पुन्हा त्या खोलीत तोंड उघडेल की नाही, कुणास ठाऊक.

“काका,” तो म्हणाला, “मी वेदवती मॅडमच्या खोलीत असतो. कोपऱ्यात. तुम्ही बोलता ते लिहून घेतो. आधी आत जा, नळी लावा. मग मला काय बोलायचं ते बोला.”

दामोदररावांनी त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं म्हणायला हवं. मग ते पडदा सारून आत गेले. रक्षित दाराशी थांबला. आत खाटेशेजारी मशीन होतं आणि त्यावर एक किरमिजी साडी घातलेली, कुणाला दिसू नये म्हणून.

“ती साडी काढा, काका. मशीनलाही श्वास लागतो.”

त्यांनी साडी काढली, नीट घडी करून उशाशी ठेवली. नळी नाकाला लावली. बराच वेळ फक्त घरघर. ओठांवर रंग परत आला तशी नजर खाली गेली.

“म्हणजे मी जिन्याचं सांगितलं,” ते म्हणाले, “तेव्हाही तू होतास.”

“होतो.”

“रडलो तेव्हा?”

“होतो, काका.”

“लिहिलंस?”

रक्षितला खोटं बोलता आलं असतं. “लिहिलं. एका शब्दात.”

“काय लिहिलंस?”

“भावुक.”

दामोदररावांनी तो शब्द जरा चावून पाहिला. मग त्यांचे खांदे हलू लागले. रक्षित घाबरला, पण ते हसत होते, मध्ये खोकत, पुन्हा हसत. “साकु, पुरे,” ते डोळे पुसत म्हणाले, “एवढा संसार केला, आणि तुझ्या मॅडमच्या दफ्तरात काय, तर भावुक. बस रे मगा, बस पोरा, उभा का राहिलास.”

तो जमिनीवर बसला. मॅडम उद्या यशस्विनीला फोन करणार आहेत, हेही त्यानं सांगितलं. दिवा तिथंच राहिला तर. दामोदररावांचं हसू गेलं.

हा दिवा कावेरीबाईंनी घराच्या वास्तुशांतीला लावलेला. तेव्हापासून तो विझला नव्हता. ती शेवटची इस्पितळात निघाली तेव्हा रिक्षात बसता बसता वळून म्हणाली, दिवा बघा. “घर बघा म्हणाली नाही,” दामोदरराव म्हणाले, “स्वतःला बघा म्हणाली नाही. दिवा बघा. एकच काम देऊन गेलीय ती मला. आणि तू आग विझवणारा. आता विझव म्हणशील.”

“विझवू नका,” रक्षित म्हणाला. “हलवू या.”

मग त्यांची चर्चा झाली, आणि ती एखाद्या लग्नाच्या याद्या ठरवण्याइतकी चिवट झाली. जाळीच्या व्हरांड्यात ठेवायचा, हे ठरलं. मध्ये बंद काचेची खिडकी, म्हणजे हॉलच्या खुर्चीतून दिसेल. वाऱ्याचं काय? कावेरीबाईंची, दसऱ्यात घरी मांडायच्या बाहुल्यांची पेटी होती, लोखंडी चौकटीची, चहूबाजूंनी काच. तिचं झाकण काढलं की झालं. तेल घालताना मशीन बंद करायचं, शाल आत ठेवायची, जरा वेळ थांबायचं, मगच बाहेर जायचं. रक्षितनं सुचवलं की त्यापेक्षा मीच सकाळी इस्पितळात जाता जाता घालतो. दामोदररावांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. तुझ्यावर भरवसा नाही, म्हणाले, आग दिसली की सवयीनं पाणी मारशील. मग म्हणाले, ये. मी खिडकीतून बघत बसेन.

“बाहेर काडीनं नवीन लावला तर?” रक्षितनं शेवटचा प्रयत्न केला.

“मग तो तुझा दिवा झाला. तिचा कसा?”

म्हणजे तेवता दिवाच न्यायचा. दामोदररावांना नळीसकट आतल्या खोलीत बसवलं, दार लावून घेतलं. हॉलच्या खिडक्या उघडून रक्षितनं घराला चांगला वारा लागू दिला, मग एकेक करून बंद केल्या. पंखा बंद. काचेची पेटी व्हरांड्यात फरशीवर मांडून आला. रुमाल ओला करून खांद्यावर टाकला, कारण येसाजीराव कितीही लांब असले तरी येसाजीरावच. देव्हाऱ्यापुढे त्यानं हात जोडले आणि दोन्ही तळव्यांत तो नंदादीप उचलला. तो त्याला वाटला होता त्यापेक्षा जड होता आणि बुडाला कोमट.

महिनोन्महिने तो ज्योत कशी मारायची ते शिकला होता. हवा तोडा, उष्णता तोडा, जळणारं तोडा. ज्योत कशी सांभाळायची, हे कुणी शिकवलं नव्हतं. एक पाऊल टाकलं की ती मागं झुके. तो थांबला की सरळ होई. त्यानं आपला श्वाससुद्धा बाजूला सोडायला सुरुवात केली.

“आहे का?” दाराआडून आवाज आला.

“आहे, काका.”

हॉलच्या मध्यापर्यंत आला. खुर्चीला वळसा घालायचा होता.

“आहे का रे?”

“आहे.”

पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर व्हरांड्यातलं वारं लागलं. ज्योत एकदम बसली, निळी झाली, वातीला नुसती चिकटून राहिली. रक्षित पाठमोरा झाला. अंगाचा आडोसा करून, खांदे वाकवून, त्या निळ्या ठिपक्याकडे बघत उभा राहिला. आतून पुन्हा विचारलं गेलं. त्यानं उत्तर दिलं नाही. तोंडातून निघालेली हवासुद्धा तिला जड झाली असती. आतही मग कुणी काही विचारलं नाही. मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती.

निळ्याला हळूहळू पिवळं टोक आलं. मग ते उभं राहिलं.

पाठीनं पाठीनं चालत तो व्हरांड्यात गेला, गुडघ्यांवर बसला आणि दिवा काचेच्या आत ठेवला. ज्योत एकदा इकडेतिकडे बघितल्यासारखी हलली आणि स्थिर झाली. रक्षितनं छाती भरून श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदाच, येसाजीरावांना मेटगळ्ळीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला.

“आहे, काका. आहे. या बघायला. पण मशीन बंद करून, शाल तिथंच ठेवून, जरा वेळानं. घाई नाही, मी बसलोय इथं.”